टेक कंपनीनं आपला हक्क मोडला तर दाद कुणाकडं मागायची?

सातवी गल्ली (धागाकर्ता)

नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्याचे नियम आले, तेव्हापासून पेपरात एकच आकडा गाजतोय: २५० कोटी. कंपनीनं आपली माहिती नीट सांभाळली नाही तर एवढा दंड होऊ शकतो. वाचून बरं वाटतं. पण हा पैसा जातो कुणाकडं ते बातमीत कुठंच नव्हतं, म्हणून २०२३ चा मूळ कायदाच उघडला. कलम ३४: दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत जमा. म्हणजे माहिती फुटली माझी, अब्रू गेली माझी आणि पैसे सरकारजमा. जुन्या आयटी कायद्यात ४३अ नावाचं एक कलम आहे. कंपनीच्या हलगर्जीपणामुळं ज्याचं नुकसान झालं त्याला त्याखाली भरपाई मागता येते. ते वगळायची तरतूदही याच नव्या कायद्यात घालून ठेवलीय. वर तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर आपल्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड. आहे की नाही मजा?

हे सगळं वाचत बसायला कारण घडलं ते असं. ओळखीतल्या एक बाई घरी शिवणकाम करतात. मुलाची फी भरायची म्हणून त्यांनी एका अ‍ॅपवरून कर्ज काढलं. अ‍ॅपनं सुरुवातीलाच फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागितले. 'अलाऊ' केल्याशिवाय पुढं जाताच येईना. हप्ता थोडा लांबला आणि त्यांच्याच फोटोवर 'चोर' असं लिहून तो सगळीकडं गेला. भिशीतल्या बायका, मुलाच्या क्लासचे सर, माहेरची भावकी, ब्लाउज शिवायला टाकणारी गिऱ्हाईकं, कुणालाच सोडलं नाही. कर्ज फिटलं तरी मेसेज थांबेनात. पोलिसांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगितलं. तिथं नोंद झाली, पण ती यंत्रणा मुख्यतः पैसे अडवायची. पैसे गेले असते तर खातं गोठवलं असतं. अब्रू कुठल्या खात्यात गोठवायची? मोबाईलच्या ज्या ऑनलाईन दुकानातून अ‍ॅप उतरवलं त्यांना कळवलं, तर काही दिवसांनी ते अ‍ॅप गायब आणि तसंच दुसऱ्या नावाचं तिथं हजर.

आता धोरणाबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं जून २०११ मध्ये उद्योग आणि मानवी हक्क यांबद्दलची ३१ मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. जॉन रगी नावाच्या प्राध्यापकांनी ती बांधली. सार तीन भागांत आहे: सरकारनं माणसाचं रक्षण करायचं, कंपनीनं त्याच्या हक्कांचा मान राखायचा आणि एवढं करूनही नुकसान झालं तर त्याला दाद मिळाली पाहिजे. आपल्या कंपनी व्यवहार मंत्रालयानंही २०१९ मध्ये जबाबदार उद्योगासाठी नऊ तत्त्वं काढली, त्यातलं पाचवं मानवी हक्कांचं. राष्ट्रीय कृती आराखड्याचा कच्चा मसुदाही निघाला. पक्का काही झाला नाही.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडं पहिल्या दोन भागांवर कागद भरपूर आहेत, तिसरा भाग रिकामा आहे. आपलं धोरण कंपनीला सरकारपुढं जबाबदार धरतं, ज्याचं नुकसान झालं त्याच्यापुढं नाही. पटतंय का? नसेल तर खोडून काढा.

---

रंकाळा वारा

जागा धरून ठेवतोय. धागा द्विशतकी होणार हे लिहून देतो.

---

गडकोट

पटलं नाही, म्हणून खोडतो.

सरकारनं काहीच केलं नाही हे ऐकून कंटाळा आला. २०२१ च्या आधी तक्रार घेणारा माणूस भारतातच ठेवायची या कंपन्यांना सक्तीसुद्धा नव्हती. कॅलिफोर्नियाला ईमेल करा आणि देवाला हात जोडा. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्रत्येक समाजमाध्यमाला भारतात राहणारा तक्रार अधिकारी, अनुपालन अधिकारी आणि पोलिसांशी संपर्क ठेवणारा अधिकारी नेमायला लावलं. तक्रारीची २४ तासांत पोच, ठरलेल्या मुदतीत निकाल. तिथं समाधान झालं नाही तर ३० दिवसांत वरच्या अपील समितीकडं जायचं. २०२३ पासून अशा तीन समित्या काम करतायत. फी नाही, वकील नाही, मुंबईची एसटी पकडायला नको.

त्या बाईंचं वाईट वाटतं, पण ते अ‍ॅप म्हणजे सरळ गुन्हेगारी. त्याला धोरण काय करणार?

---

फौंड्रीवाला

गडकोट, तक्रार अधिकाऱ्यावरून आठवलं, सांगतोच.

आमची कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला लहानशी फौंड्री आहे. आमची कास्टिंगं पुण्यातल्या एका मोठ्या कारखान्यात जातात, तिथून जर्मनीला. जर्मनीत २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला, तेव्हापासून आमच्याकडं प्रश्नावल्या सुरू. कामगारांच्या वयाचे दाखले, ओव्हरटाईमचं रजिस्टर, बायकांच्या स्वच्छतागृहाचे फोटो, भट्टीजवळच्या माणसाला बूट-हातमोजे दिल्याच्या सह्या. पहिल्या वेळी मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू. मग एक ऑडिटर आला, पोरगेलासा. मला केबिनमध्ये बसवून स्वतः फेटलिंगला (कास्टिंगं घासून साफ करतात तिथं) गेला आणि तिथल्या बिहारी पोरांशी हिंदीत एकटाच बोलत बसला. परत आल्यावर भिंतीवरच्या तक्रारपेटीकडं बोट दाखवून म्हणाला, "याची किल्ली कुणाकडं असते?" मी म्हणालो, माझ्याकडं. त्यानं अहवालात लाल शेरा मारला. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडंच किल्ली असेल तर ती पेटी धरायची नाही म्हणाला. आता किल्ली कामगारांनी निवडलेल्या दोघांकडं असते.

तर सांगायचं असं की चाळीस माणसांच्या फौंड्रीला जो प्रश्न विचारला जातो, तो कोट्यवधी लोक वापरतात त्या अ‍ॅपला कोण विचारतं? त्यांचा तक्रार अधिकारी पगार कुणाचा घेतो?

---

सातवी गल्ली

फौंड्रीवाला, हे सोन्यासारखं उदाहरण दिलंत. त्यात भर म्हणून: सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या वरच्या १,००० कंपन्यांना जबाबदार व्यवसायाचा अहवाल सक्तीचा केलाय. त्यात मानवी हक्कांचा रकाना आहे, प्रशिक्षण किती जणांना दिलं, तक्रारी किती आल्या वगैरे. पण ज्यांच्यावर आपला निम्मा दिवस जातो त्यातल्या बहुतेक कंपन्या आपल्या बाजारात नोंदलेल्याच नाहीत. त्यांना तो रकाना भरायचाच नाही.

---

काळा कोट

कोर्टाला सुट्टी आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

धागाकर्त्यांचं म्हणणं कायद्याच्या भाषेत बरंचसं बरोबर आहे. एकेक दार ठोठावून बघू.

मानवी हक्क आयोग: १९९३ च्या कायद्याचं कलम १२ वाचा. आयोग चौकशी करतो ती लोकसेवकानं केलेल्या हक्कभंगाची, किंवा भंग रोखण्यात लोकसेवकानं केलेल्या हयगयीची. खाजगी कंपनी थेट त्या चौकटीत बसत नाही. पोलिसांनी तक्रारच घेतली नाही असं असेल तर आयोग पोलिसांना विचारेल, कंपनीला नाही.

ग्राहक आयोग: जिल्ह्याचा आयोग आपल्या गावातच आहे, पण २०१९ च्या कायद्यात फुकट दिलेली सेवा 'सेवा' या व्याख्येतच येत नाही. आपण पैशाऐवजी माहिती देतो हे सगळ्यांना कळतं, पण त्यावर खटला उभा करायचा तर पहिली लढाई तिथंच.

गडकोट यांनी सांगितलेली अपील समिती: उपयोग आहे, नाही म्हणत नाही. खातं बंद केलं, बदनामीचा मजकूर काढेनात, अशा वेळी जरूर जा. पण ती समिती मजकूर किंवा खातं ठेवा की काढा एवढंच सांगू शकते. नुकसानीचा एक रुपया देऊ शकत नाही. शिवाय ती नेमतं केंद्र सरकार, म्हणजे मजकूर सरकारविरुद्ध असेल तर फौंड्रीवाल्यांचा किल्लीचा प्रश्न पुन्हा आलाच.

उच्च न्यायालय: इथं थोडी आशा आहे. पुट्टस्वामी निकालात २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, पण मूलभूत हक्क मुळात राज्यसंस्थेविरुद्ध मागायचे असतात. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं बहुमतानं म्हटलं की कलम १९ आणि २१ चे हक्क खाजगी व्यक्ती-संस्थांविरुद्धही मागता येतात. न्या. नागरत्ना यांचं मत वेगळं पडलं. हे तत्त्व टेक कंपनीवर प्रत्यक्ष कसं लावायचं याची वाट अजून पुरती मळलेली नाही. ऑगस्ट २०२५ पासून आपलं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, निदान त्यासाठी मुंबईला जायला नको. पण शिवणकाम करणाऱ्या बाईंना रिट करा म्हणून सांगणं मला तरी जमणार नाही.

---

डब्बल शिफ्ट

मी वाचत असतो, लिहित नाही. आज लिहितो.

मी खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो. नाव घेत नाही कंपनीचं. जुलैत धो धो पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर आलेली. मी कसबा बावड्याकडं ऑर्डर घेऊन निघालेलो आणि मधेच अ‍ॅप म्हणालं, सेल्फी काढा, तुम्हीच आहात का बघायचंय. हेल्मेट काढलं, रेनकोटची टोपी काढली, झाडाखाली उभा राहिलो. तोंडावर पाणी, कॅमेऱ्यावर पाणी. तीनदा 'चेहरा जुळत नाही' आणि आयडी ब्लॉक. कारण लिहून आलं: दुसऱ्याला आयडी वापरायला दिला.

मदत केंद्र म्हणजे चॅट. मी मराठीत लिहितो, तिकडून इंग्रजीत उत्तर येतं, तेही तेच तेच. ऑफिस कुठं आहे विचारलं तर सांगत नाहीत. मालक असता तर त्याच्या दारात जाऊन बसलो असतो, इथं दारच नाही. शेवटी टीम लीडरनं वर बोलून आयडी चालू करून दिला, पण तोपर्यंत गाडीचा हप्ता चुकला. तेवढ्या दिवसांचे पैसे कोण देणार?

वकीलताई, हा मानवी हक्कात बसतो का इषय, का नुसती आमची कटकट?

---

काळा कोट

@डब्बल शिफ्ट, पूर्ण बसतो दादा. चुकीच्या आरोपावरून, बाजू न ऐकता, यंत्राच्या निर्णयानं रोजगार काढून घेणं हा जगण्याच्या हक्काचाच प्रश्न आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. तिच्यात अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के (कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत) निधीत घालायचे आहेत. विमा, अपघात यासाठी तो पैसा. असंघटित कामगारांच्या ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंद करून घ्या. पण आयडी का बंद केला हे विचारण्याचा हक्क त्या संहितेत नाही.

---

निपाणी नाका

तो हक्क हवा असेल तर आमच्याकडं या, हाहा. कर्नाटकानं २०२५ मध्ये गिग कामगारांचा, म्हणजे तुमच्यासारख्या ऑनलाईन कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांचा, कायदा केला. कामावरून काढायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना. स्वयंचलित यंत्रणा रेटिंग कशी ठरवते, काम कसं वाटते, हे कामगाराला समजेल अशा भाषेत सांगायचं. व्यवहारामागं कल्याण निधीसाठी शुल्क. त्याआधी २०२३ मध्ये राजस्थाननं देशातला पहिला असा कायदा केलेला.

म्हणजे तोच अ‍ॅप, तोच टी-शर्ट, तोच बर्गर. कागलात आयडी बंद झाला तर चॅट करत बसा, दूधगंगा ओलांडून निपाणीत झाला तर लेखी कारण मागा. सीमाप्रश्नाला हा एक नवीनच फाटा.

---

गडकोट

निपाणीकर, तुम्ही कर्नाटकाचं कौतुक करताय हे स्क्रीनशॉट काढून ठेवलंय :)

डब्बल शिफ्ट यांचा मुद्दा मान्य. महाराष्ट्रानं हा कायदा करायला हवा. यात मी सरकारची बाजू घेणार नाही.

---

मंगळवारातली बाई

सगळे पैशाचं आणि नोकरीचं बोलताय, मी दुसरं बोलते. मी हायस्कूलात शिकवते.

७ जून २०२३. मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात काय झालं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. जमाव, दगडफेक, लाठीमार आणि मग नेट बंद. दहावीचा निकाल नुकताच लागलेला, प्रवेशाची गडबड. ज्यांनी काही केलं नाही त्यांची दुकानं फुटली, ज्यांनी काही केलं नाही त्यांचं नेट गेलं. आमच्या शेजारचा भाजीवाला म्हणाला, सुट्टे नाहीत आणि फोनपे चालत नाही, आज माळवं तसंच घरी न्यायचं. ज्या कंपनीवरून ते स्टेटस फिरलं तिला त्या दिवशी कुणी काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही. कुणी स्टेटस ठेवलं त्या पोरांना धरलं, एवढंच.

त्याच्याही पाच वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना ठेचून मारलं. पोरं पळवणारी टोळी आलीय अशी फॉरवर्ड फिरत होती. मेलेले सगळे नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागणारे. त्यानंतर सरकारनं व्हॉट्सअ‍ॅपला पत्र पाठवलं आणि त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे करता येत होतं! आधीच करता आलं असतं. पाच माणसं मरेपर्यंत कुणी का विचारलं नाही, याला मी धोरणाचं अपयश म्हणते. नुकसान व्हायच्या आधी कंपनीनं स्वतःच तपासायला हवं, तिकडं आपल्या कायद्याचं लक्षच नाही.

---

बिनसाखरेचा

बाई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. मी मूळचा शाहूपुरीचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. अशाच एका मोठ्या प्लॅटफॉर्मसाठी (नाव नाही घेणार) मजकूर तपासणीच्या यंत्रणेवर काम केलंय, म्हणून आतलं थोडं सांगतो.

तुम्ही म्हणताय त्या आधीच्या तपासणीला मानवी हक्क परिणाम मूल्यांकन म्हणतात. कंपन्या ते करतातही, पण कधी आणि किती उघड करतात ते बघा. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवर काय चाललं होतं हे जगानं बघितलं, आणि आपण पुरेसं केलं नाही ही कबुली कंपनीनं नोव्हेंबर २०१८ मध्ये दिली. भारताबद्दलचं मूल्यांकन मेटानं एका बाहेरच्या लॉ फर्मकडून करून घेतलं. जुलै २०२२ मध्ये स्वतःच्या मानवी हक्क अहवालात त्याचा चारेक पानांचा सारांश छापला, मूळ अहवाल दिलाच नाही. एवढा मोठा देश आणि चार पानं. आमच्या सोसायटीच्या लिफ्ट दुरुस्तीचा अहवाल यापेक्षा जाड आहे.

मी होतो तिथं मराठीचे मजकूर बऱ्याचदा हिंदी टीमच्या रांगेत पडायचे. लिपी एकच, मशीनला फरक कळायचा नाही. 'माज उतरवणे' ही धमकी आहे का, यावर एका अमराठी मुलीशी अर्धा तास वाद घातलाय मी. आता कोल्हापुरात दोन मित्र एकमेकांशी कसे बोलतात ते सांगायला नको. त्यांचं निम्मं संभाषण उडायचं आणि खरी विषारी पोस्ट गोड भाषेत असली की सहीसलामत राहायची. सरकारी धोरणानं काही सक्ती करायचीच असेल तर मी म्हणेन ही करा: प्रत्येक भाषेसाठी किती माणसं ठेवलीत ते जाहीर करा.

पण माझी भीती वेगळी आहे. आपण 'कंपनीला जबाबदार धरा' म्हणतो आणि सरकार ऐकतं 'कंपनीला आमच्या मुठीत द्या'. २०२१ चे नियम पुन्हा नीट वाचा. अधिकारी नेमा यासोबतच मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्या हेही आहे. राईनपाड्यासारख्या घटनांचं नाव पुढं करून सगळ्यांच्या खाजगी बोलण्याचं कुलूप सैल करायचं. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलंय. २०२३ मध्ये तर सरकारबद्दलची बातमी खरी की खोटी हे सरकारचाच कक्ष ठरवणार, असा नियम आणला. मुंबई उच्च न्यायालयानं तो सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. आणि ज्या डेटा कायद्यापासून धागा सुरू झाला, त्याच्या कलम १७ मध्ये केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला सूट देऊ शकतं. माझी माहिती कंपनीनं फोडली तर २५० कोटी, सरकारी खात्यानं फोडली तर? ते खातं सुटीच्या यादीत असलं की विषय संपला.

---

गडकोट

मग करायचं काय? कंपनीवर विश्वास नाही, सरकारवर नाही. सगळ्यांनी ट्रंक कॉल लावायचे का? ज्या पोरांनी स्टेटस ठेवली त्यांना पकडायला पोलिसांना माहिती लागते की नाही? कंपनी म्हणते देत नाही. मग दंगल झाली की नेट बंद करण्यावाचून प्रशासनाच्या हातात काय उरतं?

---

मंगळवारातली बाई

नेट बंद करणं हाच मुळात हक्काचा प्रश्न आहे गडकोट. अनुराधा भसीन निकालात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बंदीचे आदेश प्रसिद्ध करा, बेमुदत बंदी चालणार नाही. इथं मोबाईल कंपन्याही येतात. आदेश आला की बटण दाबून मोकळं व्हायचं, की ग्राहकाला निदान कळवायचं कुणाच्या आदेशानं आणि कधीपर्यंत? माझ्या फोनवर त्या दिवशी काहीही आलं नव्हतं. रेंजच्या दांड्या पूर्ण, नेट शून्य. मी दोनदा फोन बंद करून चालू केला.

---

फौंड्रीवाला

युरोपात काय आहे हे कुणी सांगेल का? आमच्या जर्मन गिऱ्हाइकाकडून ऐकतो की तिकडं आता कायदा सैल करतायत.

---

बिनसाखरेचा

दोन वेगळे कायदे आहेत. पुरवठा साखळीतल्या मानवी हक्कांबद्दलचा २०२४ चा युरोपीय निर्देश, त्याला खरंच कात्री लागतेय, आता फक्त अतिमोठ्या कंपन्या उरतील. दुसरा डिजिटल सेवा कायदा, फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू. त्यात फार मोठ्या प्लॅटफॉर्मना आपल्यामुळं मूलभूत हक्कांना, निवडणुकांना, मुलांना काय धोका होतो याचं मूल्यांकन दरवर्षी करावं लागतं. वर स्वतंत्र ऑडिट. दंड जगभरच्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत. डिसेंबर २०२५ मध्ये एक्सला १२ कोटी युरोचा दंड झाला, त्या कायद्याखालचा पहिलाच.

पण सातव्या गल्लीच्या मुद्द्याला धरून बोलायचं तर दंडापेक्षा मला तिथल्या दोन गोष्टी आवडतात. खातं बंद केलं तर कोर्टाबाहेरच्या स्वतंत्र तंटा निवारण संस्थेकडं जाता येतं. आणि त्यांच्या डेटा कायद्याचं कलम ८२ नुकसान झालेल्या माणसालाच भरपाईचा हक्क देतं, मनस्तापाचीसुद्धा.

---

काळा कोट

आणि ते आपल्याला जमणारच नाही असंही नाही. आपल्याच देशात याचा नमुना आहे.

रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना बघा. बँक किंवा एनबीएफसीनं (बँक नसलेली, पण रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेली वित्त कंपनी) त्रास दिला तर आधी त्यांच्याकडं लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार, फी नाही. लोकपाल नुकसानीपोटी भरपाई आणि वर मनस्ताप, वेळ, खर्च यासाठीही वेगळी रक्कम देववू शकतो. हा पैसा संचित निधीत नाही, तक्रारदाराच्या खात्यात जातो. म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीबाबत आपण तिसरा भाग भरलाय, टेक कंपनीबाबत नाही. नव्या डेटा कायद्याखाली दंड ठरवणाऱ्या डेटा मंडळाला असेच अधिकार देता आले असते.

यावरून आठवलं. धागाकर्ते, त्या बाईंच्या कर्जाची कागदपत्रं आहेत का? सप्टेंबर २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या अ‍ॅपला फोनमधले नंबर, फोटो-फाइल्स, कॉलची यादी बघायलाच बंदी आहे. अ‍ॅप बेवारशी असेल तर तो पोलिसांचा मामला. पण बरीच अ‍ॅप नुसती दलाली करतात, मागं नोंदणीकृत एनबीएफसी असते. पैसे कुणाच्या खात्यातून आले ते बघा. मुख्य माहितीपत्रक (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) दिलं असेल तर त्यावर नाव हवंच.

---

रंकाळा वारा

वाचनखूण साठवली. चेष्टा बाजूला, चांगलं चाललंय.

---

सातवी गल्ली

ताई, काल संध्याकाळी जाऊन आलो. माहितीपत्रक वगैरे काही दिल्याचं त्यांना आठवेना. ईमेल मुलाच्या फोनवर होता, तो क्लासला. तो आल्यावर स्पॅममध्ये शोधलं, एक इंग्रजी पीडीएफ सापडली. अ‍ॅपचं नाव मोठ्या रंगीत अक्षरात आणि शेवटच्या पानावर खाली, डोळे बारीक करून वाचावं लागेल एवढ्या अक्षरात, एका एनबीएफसीचं नाव आणि नोंदणी क्रमांक. बँकेच्या पासबुकातही जमा रकमेसमोर तेच नाव आहे. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून अशा अ‍ॅपची यादी ठेवलीय, तिथंही बघितलं. कंपनी आहे, हे अ‍ॅप तिच्या नावापुढं नाही.

---

काळा कोट

मग काम झालं. क्रमानं करा.

मेसेजचे स्क्रीनशॉट ज्यांना आले त्यांच्या फोनवरून घ्या, नंबर आणि वेळ दिसेल असे. भिशीतल्या दोघी-तिघींनी लेखी दिलं तर उत्तम. त्या एनबीएफसीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल आणि पोच मिळणारं स्पीड पोस्ट, दोन्ही. त्यात लिहा: तुमच्या वतीनं काम करणाऱ्या अ‍ॅपनं मनाई असताना फोनमधले नंबर घेतले, बदनामी केली, भरपाई द्या. रक्कम आकड्यात लिहा, मोघम नको. शिवणकामाची गिऱ्हाईकं तुटली असतील तर वहीची पानं जोडा. पोच जपून ठेवा, ३० दिवस तिथून मोजायचे. पोलिसांतली तक्रार वेगळी चालू ठेवा, भारतीय न्याय संहितेची ३५१ आणि ३५६ ही कलमं त्यात येतात का ते ठाण्यात विचारा. अ‍ॅपवाल्यांचा फोन आला तर बोलू नका, लिहून पाठवा म्हणा.

मसुदा मराठीत करून इथं टाका, नावं काढून. मी बघून देते.

---

डब्बल शिफ्ट

ताई, तो मसुदा आला की मला पण द्या. आमच्या ग्रुपमधे दोन पोरांना सेम अ‍ॅपचं झालंय.